स्वयंपाकघरातले तीन फूट

बाबाचा हात रंध्यावर कधी थरथरला नाही.
ओकच्या फळीतून तो सोलून काढायचा
कांद्याच्या सालीइतकी पातळ ढलपी,
आणि केथनेसच्या उभ्या वाऱ्यातही
त्याची पेन्सिलीची रेघ सरळ.
पण तीन फुटांवर भोक दिसलं,
मध्ये नुसती हिरवळ, चढ नाही, उतार नाही,
की उजवं मनगट मासा व्हायचं,
नुकतंच गळाला लागलेलं.

क्लबातले लोक तोंडावर बोलत नसत काही.
फक्त टॉर्किल पटर हातात घ्यायचा तेव्हा
सगळ्यांना एकदम समुद्र बघावासा वाटे.

तोंडं तितकी औषधं.
पोस्टमन रॅनल्ड म्हणाला, डोळे मिटून मार.
पाद्री म्हणाले, सतराचा पाढा म्हण मनात.
इशबेल मोवॅट, चाळीस वर्षं हेरिंग चिरलेली बाई,
म्हणाली, अरे भोकाकडे बघ, चेंडूकडे कशाला?
तो काय पळून जातोय?

रविवारी आम्ही दोघं रिकाम्या मैदानावर.
काखेत टॉवेल धरून पन्नास अर्धे फटके,
टॉवेल पडला की पुन्हा पहिल्यापासून.
टाचा जुळवून वीस चिप, उघडलेल्या छत्रीत.
मग वाळूच्या खड्ड्यात मी काठीनं रेघ ओढायची
आणि तो रेघच उडवायचा,
नुसती वाळू, फस्स, फस्स,
माझ्या दातांत, बुटांत, सँडविचात.
तिथे सगळं जमायचं त्याला.
चेंडू लांब जायचा होता तोवर
मनगट गुणी बाळ.

रात्री मात्र खाली शाळा भरायची.
लिनोलियमवर ताणलेली सुतळी,
टोकाला आईचा चहाचा मग आडवा,
आणि बाबानेच तासलेले दोन ठोकळे:
मधून पटर जाईल, वर एका खिळ्याची जागा, बस्स.
मी वर अंथरुणात, फळ्यांना कान लावून.
टक्.
मग घरंगळ.
मग एक तर मगाचा ठण्ण
नाही तर फडताळाच्या पायाशी ठप्प.
मी झोपायची ठणठण मोजत. क्वचितच नऊच्या पुढे.
मग शिवी, तीही हलक्या आवाजात,
आई जागी होऊ नये म्हणून.
आई जागीच असायची.

फेब्रुवारीतल्या एका रात्री काहीच ऐकू येईना.
टक् नाही. ठप्प नाही. शिवीसुद्धा नाही.
मी मोजे घालून जिना उतरले.
दिवा बंद. दर दहा सेकंदांनी
दीपगृहाचा झोत खिडकीतून आत येई,
टेबल, केटल, बाबा, आणि पुन्हा अंधार.
मग नव्हता. सुतळी नव्हती. चेंडूही नव्हता.
तो नुसताच हलवत होता पटर,
मागे, पुढे, रंधा फिरवावा तसा.
"बघ," म्हणाला, मान वर न करता,
"चेंडू नसला की कसा शहाण्यासारखा वागतो हात."

बटाट्यांच्या टोपलीत एक चेंडू होता.
झोत गेला, तशी मी गुडघ्यांवर सरकले
आणि ठेवला, जिथे पटर सर्वांत खाली येतो तिथे.
टक्.
दोघंही दचकलो.
चेंडू सरळ गेला, इतका सरळ,
की शेगडीखालच्या फटीत शिरून
आजतागायत बाहेर आलेला नाही.
बाबा हसला. वरून आई ओरडली,
झोपताय का आता दोघं?

जूनमध्ये क्लबची स्पर्धा. अठरावं भोक. तीन फूट.
सगळे समुद्राकडे वळले.
रॅनल्ड वळला, पाद्री वळले,
इशबेलनं तर चष्मा काढून पुसायला घेतला.
मी नाही वळले.
मनगट पाहत राहिले.
ते हललं नाही.
चेंडू बोटभर डावीकडून गेला.

घरी येताना, मासळीबाजाराच्या वळणावर,
बाबा म्हणाला, उतार होता गं तिथे, जरासा.
नव्हता.