अर्धा हिवाळा

शीतकक्षाचा कॉम्प्रेसर बंद पडला
मे महिन्यात, सहातल्या तिसऱ्या आठवड्याला, शनिवारी रात्री.
सोमवारी आर्विडनं दार उघडलं तर आत ऊब,
आणि चारशे कुंड्या पानं पसरून बसलेल्या,
काही झालंच नाही अशा.

मोहरीच्या कुळातलं तण हे.
इथं उमिओच्या उत्तरेला रुळांच्या खडीतही उगवतं.
ना भाजीला, ना औषधाला.
पण पेशीपेशीत एक जनुक बसलेलं असतं
घोकत : नको, अजून नको.
नोव्हेंबरात चार दिवस चुकून ऊन पडलं
तरी कळीला हलू देत नाही.
थंडी मुरावी लागते लोणच्यासारखी,
तेव्हा ते गप्प होतं,
आणि गप्प झालं की मग कितीही ऊब येवो,
पेशी फुटून दोन होते
आणि ती गप्पी दोघींना वाटून देते.

मला वाटायचं, निम्म्या थंडीनं
आवाज निम्मा होत असेल,
रेडिओची खुंटी पिळल्यासारखा.
आर्विडनं मुळाचं टोक भिंगाखाली धरलं.
जनुक बोलतं तिथं पिवळं चमकतं.
एक पेशी लख्ख पिवळी, तिची शेजारीण काळी ठिक्कर.
फिकट पिवळी?
शोध, म्हणाला. मी दुपारभर शोधली.

कुंड्या फेकल्या नाहीत. मोजत राहिलो,
बाहेर रात्रच होत नव्हती तेव्हाही.
काहींनी उशिरानं, ओढूनताणून दांडा काढला.
दोनशे सतरा नंबर नुसती पानंच वाढवत बसली.

मार्गितला जाऊन दोन वर्षं झाली.
जेवताना एब्बानं विचारलं, आता बरं आहे का रे?
निम्मं, आर्विड म्हणाला, आणि बटाटा सोलत राहिला.
तिचे कोट त्यानं केव्हाच देऊन टाकले.
दारावरची पाटी बदलली, हसत हसत, माझ्यासमोर.
आणि शेडमधली तिची गाडी,
जी कोणी चालवत नाही,
तिला दर ऑक्टोबरात बर्फाचे टायर चढतात,
एप्रिलात उतरतात.

बी धरलंय आता. पाकिटांवर नंबर घालतेय.
बीत सगळं पुसलं जातं म्हणे,
रोप पुन्हा पहिल्यापासून नको म्हणतं,
आईच्या हिवाळ्यावर त्याचं भागत नाही.

कॉम्प्रेसरचं बिल टेबलावर पडलंय.
सही करायला आर्विड नाही, लवकर निघाला.
गुरुवारी बर्फ येणार, रेडिओ सांगतोय.
त्याला टायर बदलायचेत.