ज्याचे जितके दगड

एकतीस वर्षं गोळीबार मैदानापाशी
लष्कराची बिलं तपासली मी.
बुटांचे तळवे, तंबूच्या खुंट्या,
खेचरांचा हरभरा.

शेवटच्या वर्षी औंधच्या माळावर
पाच देशांचे जवान आले, एकत्र सरावाला.
पाण्याचे टँकर कोणाच्या नावावर
यावर दीड महिना फाइल फिरली.
एका देशाने अकराच माणसं पाठवली
आणि सोबत पत्र : वरणात लसूण नको.
थिटेने हरकत घेतली,
अकरा जणांना वेगळं पातेलं?
मॅडम, ही कसली दोस्ती?
मी म्हटलं, राहू दे, नंतर बघू.
ते बिल माझ्या टेबलावर तसंच राहिलं.

थिटेचंही चूक नव्हतं.
याच गावाने एकदा दुसऱ्याची फौज पोसली.
सहा पलटणी, बदल्यात सव्वीस लाखांचा मुलूख,
वसईला सही, वर्षाच्या शेवटच्या दिवशी.
खर्च आपला, हुकूम त्यांचा.
पंधरा वर्षांनी खडकीच्या मैदानात
आपल्याच पैशावर पोसलेल्या बंदुका
आपल्यासमोर.
मी तेव्हा लेखापाल असते
तर समासात एवढंच लिहिलं असतं :
कोठाराची किल्ली कोणाकडे, नमूद नाही.

आता निवृत्त. गुडघ्यांसाठी चालायला
खडकीच्या युद्ध-दफनभूमीत जाते.
तिथला माळी यल्लप्पा परवा म्हणाला,
या गवताचे पैसे सहा देश भरतात.
ज्याचे जितके दगड, तितका वाटा.

मी उभीच राहिले.
इतकं स्वच्छ सूत्र
एकाही फायलीत पाहिलं नव्हतं.
घासाघीस नाही, स्मरणपत्र नाही,
एकोणीस वर्षांचा कोणी कुठला पोरगा
शेजारच्या अनोळखी पोराइतक्याच उंचीचा.

यल्लप्पाने यंत्राची दोरी ओढता ओढता विचारलं,
हेच पैसे आधी भरले असते तर?
काय सांगणार त्याला.
आधी भरणाऱ्याला पावती मिळत नाही, यल्लप्पा.
जी लढाई झालीच नाही
तिचं व्हाउचर कोण फाडणार?

यंत्र सुरू झालं. ओलं गवत चपलेवर.
पर्स उघडून पेन शोधलं, उगीच, सवयीने.
अकरा माणसं, एक पातेलं, लसूण वगळून,
तीनशे बारा रुपये.

हरकत नाही.