उंबरा

साखर पेठेत वीज गेली की माग थांबतात,
आणि गड्डमसर टेबलावर साचलेल्या
सुताच्या धुळीत बोटानं समीकरण मांडतात.

अणू रांगेत असते तर लाट पार गेली असती.
पण एकेक जरासा सरकलेला,
जसा यल्लूबाईच्या चादरीतला
तो चुकलेला मोर.

लाट निघते. वळणावळणाला थोडी मागं फिरते.
गेलेली वाट आणि तीच उलटी वाट
उंबऱ्याशी भेटून दुणावतात.
भिंत?
भिंत कुठंच नाही.

पुण्याहून नेमणुकीचं पत्र आलं होतं.
वहीत आहे. घडी मोडलेली नाही.

"तीन मितींत ती सुटते," सर म्हणतात,
"सगळ्यांना पटलंय.
सिद्ध मात्र अजून कुणालाच करता आलेलं नाही."

वीज येते.
पहिल्याच ठोक्याला टेबल हादरतं,
अक्षरं जागची किंचित सरकतात.