आल्या दारानं

वसमत. मोंढा. सकाळचे सव्वासहा.
बाजार समितीच्या मागच्या खोलीत
हळदीची धूळ सर्व्हरच्या पंख्यापर्यंत पोचलेली.
झाकण काढलं तर आतही पिवळं,
नवरीच्या कानामागं राहून जातं तसं.

नऊला सौदा सुरू.
बँक इथं विचारते: कुणाचा ढीग, काय भाव?
गुरुवारपासून तिला उत्तर नाही.

गुरुवारी दुसरी लाइन आली, फायबरची.
खदीरभाईंनी ओढली, निंबाच्या फांदीवरून,
खिडकीच्या फुटक्या काचेतून, नीट.
आता सर्व्हरला दोन दारं. दोन्हींवर हिरवे दिवे
लुकलुकत सांगतात, आमचं काही चुकलेलं नाही.

परभणीहून कुलदीप पिंग मारतो.
"पोचतंय?"
"पोचतंय."
"मग उत्तर?"
केबल बदलली. पोर्ट बदललं.
जीव मुठीत धरून फायरवॉल मिनिटभर बंद केली,
परत लावली.
"लाइन एकदम क्लिअर हय म्याडम," खदीरभाई म्हणाले,
आणि मी उगाच त्यांच्यावर डाफरले.

मग पडद्यावर दोन खिडक्या उघडून
नुसती पाहत बसले.
जुन्या दारातून प्रश्न आत येतो,
नाव, पत्ता, सगळं बरोबर.
सर्व्हर लगेच उत्तर लिहितो
आणि ढकलतो नव्या दारानं बाहेर,
कारण कुणीतरी गुरुवारी त्याला सांगून गेलंय
की बाहेर जायचं तर इकडूनच.
पुढं कुठंतरी परक्या कंपनीचं यंत्र
पाठवणाऱ्याचा पत्ता बघतं,
हा आपल्यातला नाही म्हणतं
आणि टाकून देतं. कळवतसुद्धा नाही.

सहा दिवस आम्ही त्याला मुका समजत होतो.
तो बोलत होता.

मुंजाजीमामा काट्यावरून चहा घेऊन आले,
पडद्याकडं न बघताच ऐकून घेतलं.
"एक नंबर गेटनं आलेली गाडी
दोन नंबरनं काढून दाखवा बरं, ताई.
पावती एक नंबरची. सोडंल का सटवाजी?"
एवढं सोपं नसतं मामा, मी म्हणाले.
बशीतला चहा संपेपर्यंत पुढं काही बोलले नाही.
एवढंच होतं.

वेगळा तक्ता मांडला.
जुन्या पत्त्याचं उत्तर जुन्या दारानं,
नव्याचं नव्यानं. चार ओळी. एंटर.
परभणीहून कुलदीप मोजायला लागला:
आलं. आलं. आलं.

नऊ चाळीसला लाइट गेली.
यूपीएसची बॅटरी फक्त रजिस्टरात होती.
लाइट आली, सर्व्हर उठला,
आणि सगळं विसरलेला.
मी त्याला तोंडी सांगितलं होतं,
लिहून ठेवलं नव्हतं.
अठराव्या ढिगावर बोली थांबली,
अडत्ये खिडकीशी गोळा झाले.
"काहून थांबलं म्याडम?"
कुणाच्या तरी मुठीत हळकुंडं, ती खुळखुळत होती,
आणि मी त्या आवाजात
फाइलमध्ये तेच परत लिहीत होते, हळू,
एकेक टिंब तपासत.
मग सगळ्यांच्या देखत
सर्व्हर मुद्दाम बंद करून चालू केला.
तीन मिनिटं. कुणी शिव्या दिल्या त्या ऐकल्या.
उठला. आठवलं त्याला.

दुपारी निंबाखाली डबा उघडला तेव्हा
फोनवर सेलूहून आईचे सात मिस्ड कॉल.
प्रत्येकाला मी उलट फोन केला होता
कंपनीच्या नंबरवरून.
तिनं एकही उचलला नव्हता.
अनोळखी नंबर उचलायचा नाही,
हे मीच बजावलेलं तिला,
शेजारच्या कावेरीबाईंचे चार हजार गेले तेव्हा.

पहिलं सिम निवडलं.
दुसऱ्या रिंगला: "हं. आठवडा झाला,
तू काही बोलंनासच झालीस."

बोलत होते, मी म्हणाले.

तेवढ्यात तिकडं कुकरची शिट्टी झाली
आणि ती गॅस बारीक करायला गेली,
फोन ओट्यावर चालूच ठेवून.