छाट

विडी घरकुलात राजमणीअक्का
ओकटी, रेंडू, मूडू करत
पंचवीसचा कट्टा बांधते.
चेकर तोच कट्टा सोडून
मराठीत मोजतो.
चार विड्या बाजूला: छाट.
त्यांचे पैसे नाहीत.
दुपारी त्यातलीच एक तो ओढतो.

वरंगलला लग्नात मावशा हसल्या,
'आलं बघा सोलापूरचं तेलुगू!'
पुण्यात मी नुसतं 'काय की' म्हटलं,
घरमालकीण म्हणाली, 'कुठल्या तुम्ही?'
आणि खोली कालच गेल्याचं
आठवलं तिला.

परत आले तर अक्का
मांडीवर सूप घेऊन पानं कापत बसलेली.
विचारलं, छाटला
आपल्यात काय म्हणतात?

कात्री चालूच.
'छाटच.
दुसरं काय म्हणणार?'