सात नंबरचा ड्रायर

लुइस्टनला नोव्हेंबरात चार वाजताच अंधार पडतो.
धुलाईच्या दुकानावरच्या दोन खोल्या आमच्या.
भाडं कमी, कारण जमीन थरथरते.
खाली बारा ड्रायर फिरत असतात,
वर पोरं मोजे काढून बसतात,
पाय शेकत
त्रिकोणमिती सोडवतात.

संस्था म्हणजे काय, तर चार टेबलं, एक रडका प्रिंटर,
कॉर्डेलिया, जिला पगार आहे,
आणि मी, जिला नाही.

मी ओडेट पेल्की.
बुटांच्या कारखान्यात एकतीस वर्षं हिशेब लिहिले.
डाव्याला उजवा जुळतो का बघणाऱ्या बाया वेगळ्या,
मी जमेला खर्च जुळवायची.
कारखाना गेला. बोटांची सवय गेली नाही.
कॉलेजात म्हणाल तर एकदाच पाऊल टाकलं,
भाच्याच्या पदवीदानाला,
तेही गाडी लावायला जागा मिळेना म्हणून
टाळ्या संपल्यावर.

तर उबा.
सतरा वर्षांची, उंच, हिजाबात खोचलेली पेन्सिल,
बोलते कमी, खोडते फार.
फीमाफीचा अर्ज भरायला बसलो दोघी.
वडिलांची जन्मतारीख: एक जानेवारी.
आईची: एक जानेवारी.
आजीची, दोन्ही काकांची,
एक जानेवारी, एक जानेवारी.
मी चष्मा पुसला. म्हटलं, पोरी, नीट बघून लिही.
नीटच आहे, ती म्हणाली.
छावणीत कागद करणाऱ्या माणसाला
तारखा शोधत बसायला वेळ नव्हता.
अख्खी रांग त्यानं
एकाच दिवशी जन्माला घातली.

मी तेवढी अकरा मार्चची.
इथल्याच इस्पितळातली, बाहेर बर्फ,
नर्सनं मिनिटासकट लिहून ठेवलंय.
घरात सगळे विचारतात,
खरा वाढदिवस असला की कसं वाटतं गं?

मग निबंध.
‘तुम्ही मात केलेल्या एखाद्या संकटाविषयी लिहा.’
मला वाटलं, हे तर आयतंच हाती आलं.
लिही, म्हटलं, छावणी लिही, ती रांग लिही,
वाचणाऱ्याचं काळीज हललं पाहिजे.
आता लाज वाटते, पण म्हटलं.
कशाला काय भाव येतो, हे मला पाठ होतं.

तिनं पेन्सिल काढली, परत खोचली.
‘ते संकट आजीचं आहे.’
मग विचार की आजीला.
‘विचारलं तर ती हो म्हणेल.
म्हणून तर विचारणार नाही.’

त्यानंतर दहा दिवस आली नाही.
येईल, कॉर्डेलिया म्हणायची.
मी मनातल्या खातेवहीत
तिच्या नावाखाली रेघ ओढून मोकळी झाले होते.

मुदतीला दोन दिवस उरले तेव्हा आली,
बुटांना रस्त्यावरचं मीठ लागलेलं.
निबंध होता खालच्या सात नंबरच्या ड्रायरवर.
दर शनिवारी नऊ माणसांचे कपडे आणते ती.
पाव डॉलरच्या नाण्याला कोणता ड्रायर
किती मिनिटं फिरतो, याची वही,
तेरा महिन्यांची.
बाकी सगळे सहा मिनिटं. सात नंबर दहा.
आत टायमरचा एक दाता झिजला असणार,
तो कुठला, याचंही गणित मांडलेलं.
आणि शेवटची ओळ:
हे मी कोणाला सांगितलेलं नाही,
फक्त ज्यांच्या कडेवर मूल असतं त्यांना.

मी दोन स्वल्पविराम बदलले.
एक तिनं पुन्हा होता तसा केला.
पाठवलं. प्रिंटर रडला.
निकाल मार्चमध्ये, तोवर काही नाही.

ती गेल्यावर मी खाली उतरले.
वाळवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.
कोरडेच हातमोजे सातमध्ये टाकले, वर एक नाणं,
आणि घड्याळ धरून उभी राहिले.
पाच. सहा.
शेजारचा आठ नंबर थांबला.
सात. आठ.
नववं मिनिट चालू असताना
दार ढकलून एक बाई आत आली,
एका हातात ओल्या कपड्यांची टोपली,
खांद्यावर झोपलेलं पोर.
मी झटकन हातमोजे काढून घेतले.
हा घ्या, म्हटलं, हा चांगला आहे.

दहावं मिनिट मोजायचं राहिलंच.