सतरा नंबरचा थांबा

एकतीस वर्षं मी एम्डेनमध्ये बसथांबे रोवले.
खांब ओळंब्यात, पाटी डोळ्यांच्या उंचीवर,
वेळापत्रक काचेखाली, पाणी शिरणार नाही असं.
एका मिनिटाची चूक छापली गेली
तरी रात्री शिडी घेऊन जायचो.

हा शेवटचा. निवृत्तीनंतरचा, बिनपगारी.
वृद्धाश्रमाच्या फाटकाबाहेर, समुद्राच्या बांधालगत,
जिथून कुठलीच बस जात नाही.

कल्पना डॉक्टर फोकेनची.
दुपारचे तीन वाजले की आल्मुट हार्म्स
कोट चढवून निघते. मुलं शाळेतून येतील, म्हणते.
मुलं साठीला टेकलीत. त्यातला एक तर गेलासुद्धा.
पूर्वी तिला रुळांजवळून आणायचे, दंडाला धरून,
आणि ती ओरडायची, तसं कुणी ओरडू नये.
आता ती बाकावर बसते, बांधावरच्या मेंढ्या बघते,
वीस मिनिटांत निघण्याचं कारण विसरते,
चहाला आत येते.
डॉक्टरनं हिशेब मांडला:
एका पारड्यात पत्र्याची पाटी, दुसऱ्यात ते ओरडणं.
तराजू हातात धरायचीसुद्धा गरज नव्हती.

पाद्री एन्नो म्हणाला,
"असे थांबे उद्या सगळ्यांनीच रोवले
तर कोण कुठल्या पाटीखाली उभं राहील?"
मला राग आला.
मग ते वाक्य रात्रभर, बुटात खडा जावा तसं.

वीबके, माझी बायको, कुणाचीच बाजू घेत नाही.
कपात खडीसाखर टाकते, चहा ओतते,
खडा तडकतो तो ऐकते.
"तिचं राहू दे," म्हणाली. "तुझं काय होतंय, हिन्रिक?
परवा म्हणालास, छातीत काही दुखत नाही.
किती सफाईनं म्हणालास."

फेब्रुवारीत बर्फाचा भुगा उडत होता.
बाकावर एक पोरगा, गावात नवा. त्यार्क नाव.
पाऊण तास बसलेला.
जहाजगोदीत मुलाखत होती, तीनची.
लबाडाचं आवतण,
आणि हा हात धुऊन पानावर बसलेला.
वेळापत्रक वाचलं होतं त्यानं, माझ्या अक्षरातलं.
अक्षर चांगलं आहे माझं.
शेजारी आल्मुट. आपला एक हातमोजा
तिनं त्याच्या हातात चढवलेला.

बस येत नाही इथे. एवढंच म्हणायचं होतं.
आल्मुट माझ्या तोंडाकडे बघत होती.
म्हणालो, "आज उशीर आहे."
पन्नास वर्षं उशीर आहे. त्या अर्थानं शब्दन् शब्द खरा.
आयुष्यात याहून मोठं खोटं बोललो नसेन.

पोराला गाडीत घातलं. पुलावर आल्यावर सांगितलं.
तो काचेवरची वाफ पुसत राहिला.
मग म्हणाला,
"त्या आजी म्हणाल्या होत्या मला. येत नाही म्हणून.
मला वाटलं, यांना काय कळतंय."

गोदीच्या फाटकाशी पोचलो
तेव्हा उशीर झाला होता, खराखुरा.

दुसऱ्या दिवशी पाना घेऊन गेलो.
चारच बोल्ट. मीच पिळलेले.
तीन वाजले. आल्मुट आली,
पिशवी सरकवून तिनं माझ्यासाठी जागा केली.
"तुमची कुठली?"
"सतरा," मी म्हणालो.
आणि मग, का कोण जाणे, म्हणालो,
दुखतं. डावीकडे. जिना चढताना.
दिवाळखोर माणूस जसा परक्या गावात जाऊन
आपली सगळी देणी मोजून दाखवतो.
ती विसरणार होती ना.

तिनं उरलेला हातमोजा काढला,
माझ्या मांडीवर ठेवला.
"हे घरी सांगा," म्हणाली,
आणि बस जिकडून यायची
तिकडे बघू लागली.